चॅनल त्रेचाळीसचं कोरं कार्ड

सोमवार, १४ सप्टेंबर २००९

पोचले बाई एकदाची! नॉक्सव्हिलपासून तीन तास, त्यातला शेवटचा तास नुसती वळणं. मागच्या सीटवरचं माझं शिवणयंत्र प्रत्येक वळणाला कण्हत होतं. टर्की गॅप म्हणजे एक रस्ता, तीन चर्चं, एक पोस्ट आणि डोंगरावर चॅनल त्रेचाळीस या टेलिव्हिजन केंद्राचा मनोरा. संपलं गाव.

केंद्र चालवणाऱ्या सिस्टर व्हेस्टा (इथे चर्चच्या माणसांना सिस्टर, ब्रदरच म्हणतात) अंगणात एप्रन बांधून उभ्याच होत्या. एकोणऐंशी वर्षांच्या आहेत, पण माझी जड पेटी त्यांनीच उचलली, मला हात लावू दिला नाही. शिजवलेले बीन्स, मक्याचा ब्रेड आणि लोण्यात परतलेली सफरचंदं पुढ्यात ठेवली आणि म्हणाल्या, इथे लाजणारा उपाशी मरतो. मी लाजले नाही. मागची खोली मला दिली आहे. खिडकीतून मनोरा दिसतो.

काम दोन भागांत आहे. केंद्राला २१ ऑक्टोबरला पंचवीस वर्षं होतात, त्यासाठी छोटं इतिहासाचं पुस्तक लिहायचं. आणि सकाळी दहा ते बारा, प्रार्थनेत नाव घ्या म्हणणाऱ्यांचा फोन घ्यायचा. सव्वीस वर्षं मी वर्तमानपत्रात फोनवरून मृत्यूच्या सूचना लिहून घेतल्या, मग त्यांनी माझं टेबलच काढून टाकलं. तिथे माणूस मेल्यावर फोन यायचा, इथे आधी येतो, एवढाच काय तो फरक. मी काही फार देवभक्त नाही. पण व्हेस्टांनी ते विचारलं नाही, आणि मीही आपण होऊन सांगितलं नाही.

बुधवार, १६ सप्टेंबर

दोन दिवस जुन्या कार्यक्रमांच्या व्हिडिओ कॅसेटी लावतेय. मजा आहे सगळी! ही इमारत पूर्वी कोंबडीची पिल्लं उबवायचं केंद्र होती, दमट हवेत अजून वास येतो. व्हेस्टांचे यजमान ब्रदर हॉबर्ट स्टिडहम कोळशाच्या खाणीत वायरमन होते. छत कोसळून दोन दिवस अडकले, आणि बाहेर काढलं तर एक टेलिव्हिजन केंद्र उभारीन असं देवाला कबूल करून बसले. लोक चर्चला रंगीत काचेची खिडकी कबूल करतात. पण या माणसाचं सगळंच जगावेगळं.

केंद्राची ताकद इवलीशी. पलीकडची डोंगररांग लागली की चित्र संपलं. १९९१ साली शहरातल्या एका मोठ्या केंद्राला आमचा चॅनल नंबर, बारा, हवा झाला, तेव्हा कायद्याने आम्हालाच उठावं लागलं. बाराचे त्रेचाळीस झालो. मग हॉबर्ट शिडी घेऊन घरोघर फिरले आणि प्रत्येक म्हातारीचा अँटेना स्वतः वळवून दिला. या जूनमध्ये मोठी केंद्रं नव्या डिजिटल पद्धतीवर गेली. जुन्या टेलिव्हिजनवर आता एकच चित्र येतं, ते आमचं. खोऱ्यातल्या म्हाताऱ्यांना आमच्याशिवाय कुणी नाही.

रोज दुपारी बाराला प्रार्थनेचा तास असतो. सकाळी फोन आला की नाव कार्डावर लिहायचं, आणि व्हेस्टा ते वाचतात. एक कार्ड एकाच दिवसाचं. उद्या पुन्हा हवं असेल तर उद्या पुन्हा फोन करायचा, रोजची भाकर रोज मागायची. कार्डं म्हणजे उबवणी केंद्राची उरलेली पिवळी लेबलं. अजून संपली नाहीत! एक बाजू कोरी, दुसऱ्या बाजूला छापलंय: जिवंत आहेत. जपून हाताळा.

१९८६ च्या कॅसेटवर एक प्रकार सापडला. एक कार्ड टेबलामागे पडून राहिलं होतं, महिन्याने मिळालं. हॉबर्ट कॅमेऱ्यापुढे गुडघ्यांवर बसले, त्या बाईची नाव घेऊन माफी मागितली आणि म्हणाले, एकही कार्ड राहिलं असेल तर मी मेल्यावरही या खुर्चीत येऊन बसेन, पण राहिलेलं राहू देणार नाही. जाऊन सहा वर्षं झाली त्यांना. पुस्तकात हे छान शोभेल.

सोमवार, २१ सप्टेंबर

फोन जमला. फोन खांद्यात धरून लिहायची माझी जुनी सवय आहे, ही रोजनिशीही मी मधूनमधून तशीच लिहिते. यंत्रं सांभाळणारा डॉयल म्हणतो, नेल्डाबाई, तुमचा खांदा जन्मतःच वाकडा की पगारापायी वाकडा केलाय? एका कानाने बहिरा आहे, म्हणून आपल्याच विनोदावर दुप्पट हसतो.

रोज पावणेबाराला करी फोर्क वस्तीवरच्या ओमा फ्रेलींचा फोन येतो. वय एक्क्याऐंशी. गावभर सगळे त्यांना ओमामावशीच म्हणतात. नवरा क्रिट, खाणीची धूळ छातीत बसलेला, नाकात नळी, मागच्या खोलीत अंथरुणाला खिळलेला. टेलिव्हिजन पुढच्या खोलीत. मावशी नाव ऐकतात आणि मागे जाऊन त्याला सांगतात, घेतलं रे तुझं नाव. मग म्हणे तो दोन घास खातो. त्याशिवाय चमचा तोंडाला लावू देत नाही. मावशींचं बोलणं लांबतच जातं, कोंबडी कुठे बसली इथपासून सगळं. मी हं हं करते आणि लिहून टाकते: क्रिट फ्रेली, करी फोर्क, श्वासासाठी.

गुरुवार, २४ सप्टेंबर

आज हसून हसून पोट दुखलं. पहिल्या दिवसाची कॅसेट मिळाली! कॅमेरा उलटा बसवलेला, आणि हॉबर्ट अकरा मिनिटं वटवाघळासारखे लटकून उपदेश करताहेत. डॉयल पडद्याआडून ओरडतोय, ब्रदर, तुम्ही डोक्यावर उभे आहात! हॉबर्ट म्हणतात, मग जगाला सरळ दिसत असेन. मी ते चार वेळा पाहिलं. मधे मावशींचा फोन आला, तो खांद्यात धरूनच पाहिलं. पुस्तकाची सुरुवात याच प्रसंगाने करायची.

शुक्रवार, २५ सप्टेंबर

एक फालतू गोष्ट झाली. लिहून टाकते म्हणजे डोक्यातून जाईल.

आज सव्वादहालाच मावशींचा फोन. म्हणाल्या, सिस्टर, काल क्रिटचं नाव ऐकू आलं नाही गं. मी टेबल पाहिलं. फोनखाली कोरं कार्ड पडलेलं, त्यावर माझ्या कपाचं कॉफीचं गोल कडं. काल मी त्यांना लिहून घेतलं म्हणाले होते, आणि पेन उचललंच नव्हतं. डोळे त्या उलट्या हॉबर्टवर.

खरं सांगणारच होते. पण व्हेस्टा शेजारी उभ्या, हातात केक. तोंडातून निघून गेलं, वाचलं की मावशी, तुम्हालाच डुलकी लागली असेल. मावशी बारीक आवाजात म्हणाल्या, असेल बाई, रात्रभर त्याच्या उशाशी होते. मी तर त्याला सांगून बसले की तुझं नाव घेतलं नाही. तो भिंतीकडे तोंड करून पडलाय, कालपासून घास नाही. आता जाऊन सांगते की चूक माझी.

आजचं कार्ड मी मोठ्या अक्षरात लिहिलं. दोनदा अधोरेखित केलं. व्हेस्टांनी सगळ्यात आधी तेच वाचलं. झालं, फिटलं.

सोमवार, २८ सप्टेंबर

फिटलं नाही. क्रिट शुक्रवारी साडेअकराला गेला. व्हेस्टांनी नाव वाचलं तेव्हा तो अर्ध्या तासाचा मेलेला होता.

आज पुरला. मावशी माझा हात सोडेनात. म्हणाल्या, मी त्याला खूप समजावलं, नाव घेतलं होतं रे, मीच झोपले मेली. पण तो म्हणाला, ओमा, माझं समाधान करायला खोटं बोलू नकोस, त्यांनी माझं नाव काढून टाकलंय. असं म्हणूनच गेला. बासष्ट वर्षांच्या संसारात मी एकदा डुलकी घेतली, सिस्टर, एकदा.

नाव वाचलं असतं तर तो जगला असता असं मी मानत नाही. धुळीने भरलेली छाती कार्डाने साफ होत नाही. पण टाकून दिलेला माणूस म्हणून तो मेला, तो माझ्यामुळे. आणि ते ओझं त्याची बायको वाहतेय, माझं ओझं. तिथे थडग्यापाशीच सांगायला हवं होतं. चारचौघांत लाज वाटली. उद्या सांगते.

गुरुवार, १ ऑक्टोबर

सांगितलं नाही. तीन दिवस फोनजवळ हात नेला आणि मागे घेतला.

आज १९८७ ची कॅसेट लावली. हॉबर्ट कार्डं वाचताहेत, सगळं नेहमीसारखं. गठ्ठा संपला, आणि त्यांनी खिशातून आणखी एक काढलं. पाहिलं. उलटून छापील बाजू पाहिली. पुन्हा उलटून कॅमेऱ्याकडे धरलं. कोरं. मी मनात मोजलं, वीस सेकंद तसंच धरून होते. मग स्तोत्र सुरू झालं.

असेल काहीतरी त्या दिवसाचं. यादीत 'एक कोरं कार्ड' अशी नोंद केली.

शनिवार, ३ ऑक्टोबर

मावशी आल्या होत्या. सुक्या सफरचंदाचा सात थरांचा केक, माझ्यासाठी. क्रिटचं नाव रोज लिहून घेतलंस म्हणून. चालताना भिंत धरत होत्या. व्हेस्टा म्हणाल्या, ओमा झोपत नाही, पाठ नसलेल्या स्टुलावर बसते, पाय गार पाण्यात घालून, डोळा लागू नये म्हणून.

केकचा तुकडा तोंडात घेतला. मागच्या दारी जाऊन थुंकले. देवा, काय बाई आहे मी!

मंगळवार, ६ ऑक्टोबर

१९९२ ची कॅसेट. गठ्ठा संपल्यावर पुन्हा एक कोरं कार्ड. यावेळी त्यांनी ते कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आणलं.

कोपऱ्यात कॉफीचं गोल कडं आहे. एका बाजूला थोडं तुटलेलं, माझ्या कपाचा टवका उडालाय तसं.

फोनखालचं कार्ड बाहेर काढून पडद्याशेजारी धरलं. तेच आहे. सतरा वर्षांपूर्वीच्या कॅसेटमध्ये माझं कार्ड. घरी येऊन ते व्हेस्टांच्या चुलीत टाकलं. पूर्ण जळेपर्यंत उभी राहिले.

शुक्रवार, ९ ऑक्टोबर

दर तासाला केंद्राचं नाव सांगायचा सरकारी नियम आहे. त्यासाठी हॉबर्टांची दहा सेकंदांची फीत आहे: मी ब्रदर हॉबर्ट, चॅनल त्रेचाळीस, टर्की गॅप, देव तुमच्या घरी असो. मेल्यावरही तेच सांगतात. कुणाला बदलावंसं वाटलं नाही.

आज अकराला ते एवढं बोलले आणि गेले नाहीत. बसून राहिले. डॉयलने यंत्राला चापट मारली, म्हणाला, म्हातारं झालंय, आपल्यासारखंच. चाळीस सेकंद. हातात पिवळं काहीतरी. कडा काळ्या, जळलेल्या.

व्हेस्टा दारात उभ्या होत्या. शांतपणे म्हणाल्या, कुणाचं तरी राहिलंय, म्हणून हॉबर्ट थांबलेत. मग माझ्याकडे वळल्या. सिस्टर नेल्डा, तुझ्याकडून काही राहिलंय का गं? राहिलं असेल तर सांग, मी रागावणार नाही.

रागावणार नाही म्हणाल्या! यापेक्षा सोपं काय असतं? मी म्हटलं, नाही हो, सगळी लिहिली.

तिसऱ्यांदा खोटं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे मला कळत नाही का? कळतं. पण रोज एक दिवस उशीर होतो, आणि जितका उशीर तितकं सांगणं जड. पहिल्या दिवशी ती चूक होती. आता ते—

बुधवार, १४ ऑक्टोबर

दोन मिनिटं. दर तासाला. खोऱ्यातून फोन येताहेत, ब्रदर हॉबर्ट आमच्याकडे असे का बघतात? मी म्हणते, यंत्र बिघडलंय.

आता कॅसेटी लावत नाही. पुस्तक तिथेच अडकलंय, १९९२ वर—

शनिवार, १७ ऑक्टोबर

चार मिनिटं. ते रागावलेले नाहीत. रागावलेले असते तर सोसलं असतं. नुसती वाट बघताहेत, जिना उतरणाऱ्या म्हाताऱ्यासाठी थांबावं तशी.

मंगळवार, २० ऑक्टोबर

आज गेले. करी फोर्कला, ठरवून. वाटेत मोठ्याने पाठ करत गेले: मावशी, तुम्ही झोपला नव्हता. एवढंच वाक्य.

मावशी स्टुलावर. पाय परातीत. डोळे लाल, खोल गेलेले. मला पाहून किती आनंद त्यांना! दोन वेळा उठायला गेल्या, उठता आलं नाही. मी म्हटलं, मावशी, त्या गुरुवारी— त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. नको गं आठवण करून देऊस, रोज तेच तर आठवते.

तेवढ्यात तीन वाजले. हॉबर्ट आले पडद्यावर. नाव सांगितलं. मग कार्ड धरलं.

मावशी म्हणाल्या, बघ, बघ, माझ्याकडेच बघतात. मी झोपले ना, म्हणून मला झोपू देत नाहीत. कोरं कार्ड का दाखवतात कळलं का? त्याचं नाव मी ऐकलं नाही, म्हणून माझ्यासाठी ते कोरंच.

मी ओरडायला हवं होतं. तुमच्याकडे नाही, माझ्याकडे, माझ्याकडे बघताहेत! मी म्हटलं— काय म्हटलं मी? म्हटलं, काळजी घ्या. आणि पळाले. गाडीपर्यंत पळाले.

उद्या. उद्या वर्धापनदिन. बारा वाजता कॅमेऱ्यापुढे, सगळ्यांदेखत. मावशी ऐकतीलच. नोकरी जाऊ दे.

बुधवार, २१ ऑक्टोबर. सकाळ

नऊला निरोप आला. ओमामावशी गेल्या. स्टुलावरच, भिंतीला टेकून. डोळे उघडे. टेलिव्हिजन चालू.

परातीतलं पाणी अजून गार होतं, म्हणाले.

व्हेस्टा पलंगावर पडून आहेत. म्हणाल्या, आज खुर्चीत तू बस.

दुपार, एक वाजून पाच

सांगितलं. सगळं सांगितलं. कार्ड लिहिलं, क्रिट फ्रेली, करी फोर्क, आणि वाचलं. चोवीस सप्टेंबरला हे मी लिहिलं नव्हतं. ओमामावशी जाग्या होत्या, खोटी मी. गुडघ्यांवर बसले. कॅमेऱ्याचा लाल दिवा चालू होता, मी पाहिला, तो चालू होता.

किती सोपं गेलं. ऐकणारी उरली नाही म्हणून सोपं गेलं. तेही कळत होतं, बोलता बोलता कळत होतं—

डॉयल आत आला, डोळे पुसत. म्हणाला, नेल्डाबाई, तुम्ही म्हणजे कमाल केली, ब्रदर हॉबर्टांची कॅसेट लावलीत आजच्या दिवशी! पूर्ण तासभर तेच होते. गाव रडलं. फक्त शेवटी ते एक कार्ड धरून काही बोललेच नाहीत.

मी नव्हतेच. पडद्यावर एक मिनिटही मी नव्हते. माझा एक शब्द कुणी—

फोन वाजतोय. डॉयलला ऐकू येत नाही, तो बहिरा कान फोनकडे करून उभा आहे. आता गेला.

वाजतोय.

घेतला. खांद्यात आहे. आधी पाण्याचा आवाज, परातीतले पाय हलावे तसा. मग

मावशी. म्हणतात, सिस्टर, आज मी टक्क जागी होते गं. एक पापणी लवू दिली नाही. क्रिट इथे शेजारीच बसलाय, विचारतोय. त्या गुरुवारी माझं नाव घेतलं होतं का, खरं सांग म्हणतो. खरं काय ते सांग बाई, म्हणजे आम्ही दोघं जातो.

समोरच्या पडद्यावर हॉबर्ट. कार्ड धरून. पुढे वाकलेत.

एकच शब्द सांगायचा. नाही. एवढाच. पेन हातात आहे, आधी लिहून मग वाचते, नाही, नाही, नाही, असं लिहिलंय मी, आता फक्त तोंडाने

तोंड उघडलं आणि आवाज आला, माझाच, फोनवरचा तो गोड, सव्वीस वर्षांचा, घेतलं होतं की मावशी, तुम्हालाच डुल—